कोल्हापुरात राजारामपुरीतली फॉरेन एज्युकेशन कन्सल्टन्सी: क्लास एक नंबर, लोनचा सल्ला मात्र घेऊ नका

५ पैकी २ स्टार. नाव घालत नाही, मला कुणाचं दुकान बंद पाडायचं नाही, पण पोरांना बाहेर शिकायला पाठवायच्या विचारात असलेल्या आईवडिलांनी हे पूर्ण वाचावं.

धाकट्या बहिणीला अमेरिकेत पब्लिक हेल्थमध्ये मास्टर्स करायचंय. बीएस्सी नर्सिंग झालंय, आणि तिचा ओढा पहिल्यापासून सरकारी दवाखाना, लसीकरण असल्याच कामाकडं. म्हणून इथं नाव घातलं. आयईएल्टीएसची, म्हणजे बाहेर शिकायला लागणाऱ्या इंग्रजीच्या परीक्षेची, तयारी खरंच भारी करून घेतात, मॅडम प्रत्येकाला समोर बसवून बोलायला लावतात आणि चुकलं की तिथल्या तिथं सांगतात, आमची पोरगी मराठी मीडियमची, आधी तोंडातनं शब्द निघत नव्हता, आता मॉक इंटरव्ह्यूला न अडखळता उत्तरं देते. एसओपी, म्हणजे हाच कोर्स का करायचाय हे कॉलेजला लिहून द्यायचं पत्र, ते पण कुणाची कॉपी मारून दिलं नाही, तिच्याकडनंच परत परत लिहून घेतलं.

आता लोनचं. काउन्सेलर सर वडिलांना म्हणाले, काका, कर्जाचं टेन्शन घेऊ नका, तिकडं सरकारी नाहीतर सेवाभावी संस्थेत १० वर्षं नोकरी केली की उरलेलं लोन माफ होतंय, पब्लिक सर्व्हिस लोन फॉरगिव्हनेस म्हणतात, आणि ताईंची लाईनच पब्लिक हेल्थची आहे. झालं, वडील मंगळवार पेठेतलं घर तारण द्यायला तयार. उसाचं रान आहे आमचं, पण शेतजमीन बऱ्याच बँका ह्या लोनला धरत नाहीत, म्हणजे घरच जाणार.

योजना खोटी नाही, २००७ च्या कायद्यानं आलीय. पण माफ होतंय ते तिथल्या केंद्र सरकारनं स्वतः दिलेलं 'डायरेक्ट लोन', आणि ते मिळतं नागरिकांना, ग्रीन कार्डवाल्यांना आणि अजून काही मोजक्या लोकांना. स्टुडंट व्हिसावर गेलेल्या पोरांना ते लोनच मिळत नाही तर माफ काय होणार? कोल्हापुरातल्या बँकेतनं घर तारण ठेवून काढलेल्या कर्जाचा त्याच्याशी काडीचा संबंध नाही. तिनं तिथल्या सरकारी दवाखान्यात १० सोडा, २० वर्षं काम केलं तरी इथला हप्ता भरायलाच लागणार.

हे मला कळलं मावसबहिणीमुळं. ती लग्न होऊन तिकडं गेली, नागरिक झाली, तिथंच शिकली, आता सरकारी शाळेत शिकवते आणि ह्याच योजनेत आहे. तिनं व्हिडिओ कॉलवर सगळं उलगडून सांगितलं. नियमात बसणारे १२० हप्ते भरायचे, सलग नसले तरी चालतात, पण त्या काळात आठवड्याला निदान ३० तास सरकारी किंवा ना-नफा संस्थेतलंच काम पाहिजे, हप्ता सहसा पगाराच्या हिशोबानं बसवून घ्यायचा, आणि नोकरी देणाऱ्याकडनं फॉर्मवर सही आणायची, ती दरवर्षीच आणून ठेवते. एवढं करून पण २०१७ च्या ऑक्टोबरपासनं पहिले लोक माफीला पात्र व्हायला लागले तेव्हा जवळजवळ सगळे अर्ज नाकारले गेले, कुणाचं लोन चुकीच्या प्रकारचं, कुणाचा हप्त्याचा प्लॅन चुकीचा. २०२१ मध्ये वर्षभरासाठी नियम सैल केले तेव्हा कुठं गाडी हलली, आणि २०२५ च्या सुरुवातीपर्यंत १० लाखाच्या वर लोकांचं कर्ज माफ झालं. मास्तर, नर्स, समाजसेवक लोकांचं कर्ज सरकारनं उचलावं हे मला मनापासून पटतं, आपल्याकडं पण पाहिजे, गगनबावड्याच्या आरोग्य केंद्रात रात्रपाळी करणाऱ्या सिस्टरला का नको?

पण आज आपल्याकडं तसं नाही. शैक्षणिक कर्जाच्या व्याजावर इन्कम टॅक्समध्ये वजावट मिळते, तीही टॅक्सची जुनी पद्धत निवडली तर आणि जास्तीत जास्त ८ वर्षं. सहसा कोर्स अधिक १ वर्षापर्यंत हप्ता नसतो, पण व्याज त्या काळात पण चढत असतं, हे बँकेत जाऊन तोंडानं विचारा आणि सही करायच्या आधी हप्त्यांचा तक्ता कागदावर मागा.

मी सरांना हे सगळं दाखवलं तर म्हणाले, आम्ही आपली जनरल माहिती दिली. असं कसं चालेल सर, त्या माहितीवर माणूस राहतं घर लिहून देतोय. घर गहाण पडायचं आमचं सध्या थांबलंय, बहीण आता स्कॉलरशिप देणारी कॉलेजं बघतेय आणि क्लास चालूच ठेवलाय. त्यांच्या सेमिनारच्या बॅनरवर 'लोन माफीची संधी' अजून तसंच आहे. ते काढलं आणि लोनसाठी येणाऱ्या पालकांना खरं सांगायला लागले की मी स्टार वाढवीन, मॅडमचं शिकवणं तेवढ्या लायकीचं नक्की आहे.