सारखा येणारा ताप: रोजचं औषध की तापापुरतं?

ताप येतो, चार दिवस राहतो, जातो. महिन्याभरात पुन्हा हजर. दर वेळी अँटिबायोटिकचा कोर्स होतो आणि ताप उतरतो (तो तसाही उतरणारच होता). असं सहा-आठ वेळा झालं की कुणीतरी ‘पीफापा’ किंवा ‘एफएमएफ’ अशा पुन्हा पुन्हा ताप आणणाऱ्या आजाराचं नाव घेतं आणि प्रश्न येतो: ताप येऊच नये म्हणून मुलाला रोज औषध द्यायचं का?

याचं उत्तर आजार कोणता यावर ठरतं. एफएमएफ, म्हणजे फॅमिलियल मेडिटरेनियन फीव्हर, असेल तर निवडीला फारशी जागाच नाही. त्यात ताप एक ते तीन दिवसांचा, सोबत पोटात किंवा छातीत जोराची कळ. खरा धोका मात्र तापाचा नाही. वर्षानुवर्षं धुमसत राहिलेल्या दाहामुळे मूत्रपिंडात ॲमिलॉइड नावाचं प्रथिन साठतं आणि मूत्रपिंड निकामी होऊ शकतं. १९७२ पासून वापरात असलेलं कोल्चिसिन ताप रोखतंच, पण मूत्रपिंडही वाचवतं. म्हणून ते रोज, बहुधा आयुष्यभर. ‘आता वर्षभर ताप नाही’ म्हणून परस्पर बंद करू नये. पुरेसा डोस देऊनही अटॅक थांबले नाहीत, तर अनाकिन्रा (रोज इंजेक्शन) किंवा कॅनाकिनुमॅब (साधारण चार आठवड्यांनी एक) हे पुढचे, बरेच महाग पर्याय.

पीफापाचं गणित वेगळं आहे. १९८७ मध्ये पहिल्यांदा वर्णन झालेला हा आजार बहुधा पाच वर्षांच्या आत सुरू होतो: ताप, घसा, तोंडात फोड, मानेच्या गाठी. दोन तापांच्या मधे मूल ठणठणीत, वाढ व्यवस्थित. पुष्कळ मुलांत तो वयाबरोबर आपोआप थांबतो. त्यामुळे इथे रोजचं औषध हा सोयीचा प्रश्न आहे, जिवाचा नाही.

तापाच्या सुरुवातीला प्रेडनिसोलोन या स्टेरॉइडचा एक डोस दिला, तर काही तासांत ताप उतरतो. वर्षाला बारा-तेरा डोसांत भागत असेल, तर मी तरी इथेच थांबेन. अडचण एकच: काही मुलांत दोन तापांमधलं अंतर कमी होतं. महिन्याचा ताप पंधरवड्यावर आला की रोजच्या औषधाचा विचार रास्त. कोल्चिसिनने काही मुलांत ताप विरळ होतो, सगळ्यांत नाही. दोन-तीन महिन्यांत फरक दिसला नाही तर रेटत राहण्यात अर्थ नाही. सिमेटिडिन हे ॲसिडिटीचं जुनं औषध थोड्या मुलांना लागू पडतं, पुरावा तोकडाच. टॉन्सिल काढल्यावर मात्र बऱ्याच मुलांचा ताप कायमचा थांबतो, पण भूल आणि नंतरचा रक्तस्राव हे धोके पत्करावे लागतात.

कोल्चिसिन घरात आणणार असाल तर दोन गोष्टी. जुलाब होतात, डोस कमी केला किंवा विभागून दिला की बहुधा आटोक्यात येतात. दुसरी गोष्ट जास्त गंभीर: क्लॅरिथ्रोमायसिनसारखं अँटिबायोटिक सोबत दिलं तर कोल्चिसिन रक्तात साचून विषारी ठरू शकतं. घशासाठी नवीन डॉक्टर औषध लिहीत असतील, तेव्हा हे आधी सांगायचं. डबाही मुलाच्या हाताला लागणार नाही असा ठेवायचा, कारण याचा जादा डोस जिवावर बेततो.

हे सगळं ठरवण्याआधी सायक्लिक न्यूट्रोपेनिया नाही ना, हे बघून घ्या. त्यातही ताप दर २१ दिवसांच्या आसपास येतो, पण पांढऱ्या पेशी घटलेल्या असतात. एका रक्ततपासणीत ते निसटतं. काही आठवडे ती पुन्हा पुन्हा करावी लागते.