एसएसएचची कॉन्फिग फाइल: काही महिने रोज वापरल्यानंतर

एसएसएच म्हणजे दूरच्या मशीनवर सुरक्षितपणे लॉगिन करायची कमांड. सर्व्हर सांभाळणाऱ्या बहुतेकांच्या शेलच्या हिस्टरीत तिच्या लांबलचक ओळी साठलेल्या असतात: युजर, आयपी पत्ता, वेगळा पोर्ट, की (लॉगिनसाठी पासवर्डऐवजी वापरायची फाइल) आणि तिचा पाथ. त्या दर वेळी शोधून काढायच्या, नाहीतर एलियस, म्हणजे त्या ओळींना छोटी नावं, करून ठेवायचे. मी एलियस सोडून होम डिरेक्टरीतल्या डॉट-एसएसएच फोल्डरमधल्या कॉन्फिग फाइलवर आलो, त्याला आता बरेच महिने झाले. नवीन काही इन्स्टॉल करावं लागत नाही, ओपनएसएसएच (एसएसएचचा सर्रास वापरला जाणारा प्रोग्राम) असलं की झालं. तरीही लोक त्यात दोन-चार नावं टाकून थांबतात, म्हणून हे जरा सविस्तर लिहितोय.

एलियसपेक्षा ही फाइल उजवी, कारण ती फक्त एसएसएचपुरती नाही. होस्टला, म्हणजे ज्या सर्व्हरला जोडायचं त्याला, 'डीबी' असं नाव देऊन त्याखाली होस्टनेम, युजर, पोर्ट आणि आयडेंटिटीफाइल लिहिलं, की फाइली कॉपी करणारे एससीपी आणि आरसिंक, कोड सांभाळणारं गिट, सर्व्हरची मांडणी करणारं ॲन्सिबल या सगळ्यांना 'डीबी' कळतं. मशीन बदललं तर एका ओळीत काम भागतं. फक्त बॅकअपची स्क्रिप्ट क्रॉनमधून (ठरलेल्या वेळी कामं आपोआप चालवणारी सोय) रूट या सर्वाधिकारी युजरच्या नावाने चालत असेल, तर ती तुमची नाही, रूटची कॉन्फिग वाचते. 'माझ्या टर्मिनलवर चालतं, क्रॉनमध्ये नाही' या तक्रारीचं मूळ बऱ्याचदा इथे असतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. बहुतेक कॉन्फिग फाइलींमध्ये खालची ओळ वरच्या ओळीवर मात करते. इथे उलटं आहे: एखाद्या सेटिंगची जी किंमत आधी सापडेल तीच धरली जाते. त्यामुळे सर्वांना लागू होणारा 'होस्ट ताराचिन्ह' हा ब्लॉक फाइलच्या शेवटी हवा. तो वर ठेवून त्यात युजर 'डिप्लॉय' लिहिलं आणि खाली डीबीसाठी 'ॲडमिन' लिहिलं, तर लॉगिन 'डिप्लॉय'च्या नावानेच होईल आणि एररही येणार नाही. शंका आली की एसएसएच डॅश कॅपिटल जी आणि होस्टचं नाव असं चालवून बघा. कनेक्शन न करता त्या होस्टला नक्की काय काय लागू होतंय ते सगळं छापून येतं. इतका उपयोगी ऑप्शन इतका कमी माहीत असावा याचं मला खरंच वाईट वाटतं.

कोणती की वापरायची ते सांगणारी आयडेंटिटीफाइल या नियमाला अपवाद आहे, तिच्या ओळी जमा होत जातात. त्यात एजंटमध्ये (तुमच्या की मेमरीत धरून ठेवणारा प्रोग्राम) सात-आठ की भरलेल्या असतील, तर क्लायंट त्या एकेक करून सर्व्हरपुढे ठेवतो. सर्व्हर लॉगिनचे किती प्रयत्न चालू देईल हे ठरवणाऱ्या मॅक्सऑथट्राइजची डीफॉल्ट मर्यादा 6 आहे. बरोबर की रांगेत मागे असेल तर तिची पाळी येण्याआधीच सर्व्हर दार लावतो आणि 'टू मेनी ऑथेंटिकेशन फेल्युअर्स' दिसतं. आयडेंटिटीजओन्ली यस केलं, की नेमून दिलेलीच की पुढे जाते.

मधल्या सर्व्हरमार्फत पुढच्या सर्व्हरला जोडणारं प्रॉक्सीजंप ओपनएसएसएचच्या 2016 च्या 7.3 आवृत्तीत आलं. आतल्या नेटवर्कमधल्या सर्व्हरच्या ब्लॉकमध्ये ही एक ओळ टाकली, की मधल्या जंप होस्टवर आधी लॉगिन करा, मग तिथून पुढे जा, हा खटाटोप संपतो. सुरक्षेच्या दृष्टीनेही हेच बरं. मधल्या मशीनलाही तुमचा एजंट वापरू देणारं फॉरवर्डएजंट चालू ठेवलं, तर मधल्या मशीनवर रूट असलेला कुणीही तुमचा एजंट तेवढा वेळ वापरू शकतो. प्रॉक्सीजंपमध्ये ऑथेंटिकेशन थेट तुमच्या मशीनवरून शेवटच्या सर्व्हरशी होतं, मधला फक्त डेटा पुढे ढकलतो.

कंट्रोलमास्टर ऑटो आणि कंट्रोलपर्सिस्ट दहा मिनिटं, या जोडीमुळे पहिलं कनेक्शन उघडं राहतं आणि पुढची सगळी त्यावरूनच जातात. एकामागून एक छोट्या फाइली कॉपी करताना किंवा गिट पुल करताना फरक लगेच कळतो. कंट्रोलपाथमध्ये (त्या उघड्या कनेक्शनच्या सॉकेट फाइलचा पाथ) टक्का आणि कॅपिटल सी, म्हणजे होस्टनेम वगैरेंचं ठरावीक लांबीचं छोटं रूप, वापरा, कारण युनिक्स सॉकेटच्या पाथला लिनक्सवर साधारण 108 बाइटची मर्यादा असते आणि लांब होस्टनेम त्यात मावत नाहीत. या सोयीची एक काळी बाजू आहे. सर्व्हरवर स्वतःला डॉकर (कंटेनर चालवणारा प्रोग्राम) वापरायची परवानगी देणाऱ्या ग्रुपमध्ये टाकलं, बाहेर पडून पुन्हा लॉगिन केलं, तरी परवानगी मिळत नाही. नवं सेशन त्याच जुन्या कनेक्शनवर बसलेलं असतं आणि ग्रुपची यादी कनेक्शन झालं तेव्हाचीच राहते. एसएसएच डॅश कॅपिटल ओ एक्झिट आणि पुढे होस्टचं नाव, असं करून मास्टर, म्हणजे ते पहिलं कनेक्शन, बंद करा, मग नवीन ग्रुप दिसतो. विंडोजसोबत येणाऱ्या ओपनएसएसएचमध्ये मात्र कंट्रोलमास्टर चालत नाही.

सर्व्हर जिवंत आहे का हे किती सेकंदांनी विचारायचं ते ठरवणारं सर्व्हरअलाइव्हइंटरव्हल डीफॉल्टने शून्य, म्हणजे बंद असतं. मी ते 60 ठेवलंय. काही न करता उघडं ठेवलेलं सेशन राउटर गुपचूप तोडायचा, ते थांबलं. सर्व्हर खरंच गेला असेल तर साधारण तीन मिनिटांत क्लायंट स्वतः बाहेर पडतो. तेवढी वाट बघायची नसेल तर एंटर, टिल्ड, पूर्णविराम असं ओळीने दाबा, गोठलेलं सेशन तिथल्या तिथे सुटतं.

टीममध्ये वापरायचं असेल तर इन्क्लूडने (दुसरी फाइल आत ओढून घेणारी ओळ) समाईक होस्टांची फाइल वेगळी ठेवून ती गिटमध्ये टाका, युजरनेम आणि की आपापल्या फाइलमध्ये. इन्क्लूडची ओळ मात्र सगळ्यात वर, कुठल्याही होस्ट ब्लॉकच्या आधी. ब्लॉकच्या खाली गेली तर ती फक्त त्या होस्टपुरती लागू होते.