एक्सपीएस सांगून थर्माकोल चिकटवला: 71,400 रुपये पाण्यात

नवतपा (कडक उन्हाचे नऊ दिवस) जवळ आला की नागपुरात 'भिंत हीटप्रूफ करून देतो'वाले गल्लोगल्ली फिरतात. त्यातल्याच एका ठेकेदाराने मानेवाड्यातल्या आमच्या घराला गाठलं. पश्चिमेची काँक्रीट ब्लॉकची भिंत, 420 चौरस फूट, दर 170, एकूण 71,400. त्यातले 45,000 आगाऊ. नमुना हातात घेऊन पाहिला होता: 50 मिलिमीटरचा निळा एक्सपीएस बोर्ड (उष्णता अडवणारा दाट फोम), घनता घनमीटरला 32 किलो. कोटेशनवर तेच लिहिलेलं. मग संशय कशाचा घ्यायचा?

करवत चालली आणि अंगणभर पांढरे दाणे उडाले. एक्सपीएसची कापलेली कड सलग राहते, दाणे सुटत नाहीत. "भाऊ, कंपनी बदलली, माल तोच." तोच कसा? 1250 बाय 600 मिलिमीटरचा असा बोर्ड साधारण 1 किलो 200 ग्रॅम भरतो. हा स्वयंपाकघरातल्या काट्यावर 450 ग्रॅम भरला. टीव्हीच्या खोक्यातला थर्माकोल! गाडीतून उतरवतानाच वजन करा.

पुढे सगळी चोरीच. ब्लॉकवरची धूळ न काढता मधोमध चार गोळे लावून बोर्ड थापले. चिकटद्रव्याची पट्टी कडेने सलग लागते, नाहीतर मागे हवा खेळते आणि कोपरे उचलतात. चौरस मीटरला सहा फास्टनर (बोर्ड भिंतीला धरणारे खिळे) ठरले, ठोकले दोन. चौरस मीटरला 160 ग्रॅमची अल्कलीरोधक (सिमेंटमध्ये न खराब होणारी) ग्लासफायबर जाळी ठरली, आली डासांची जाळी. बेसकोटच्या (जाळी ज्यात बसते त्या सिमेंटी थराच्या) जागी नुसती पुट्टी! अडवलं तर "अर्धी भिंत उघडी टाकून जातो" अशी धमकी, डोक्यावर पाऊस, म्हणून उरलेले 26,400 द्यावे लागले. पहिल्याच पावसात प्रत्येक सांध्यावर भेग. जाळी जाळीवर 10 सेंटिमीटर चढलीच पाहिजे, खिडकीच्या कोपऱ्यांना तिरपा तुकडा वेगळा.

पोलीस ठाण्यात उत्तर मिळालं, "हे दिवाणी आहे, वकील बघा." एक माल दाखवून दुसरा लावला, पैसे घेतले, फोन बंद केला, तरी दिवाणी? अर्जाची पोच मागितली तर साहेब बाहेर गेलेत. उलट विचारणा आम्हालाच, पक्कं बिल का नाही? "बिल घेतलं तर 18 टक्के वाढतील" म्हणत कर बुडवणारा मोकळा फिरतोय, त्याला कोणी विचारत नाही!

बिल घ्याच. 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. कामासाठी दिलेली रक्कम 5 लाखांपर्यंत असेल तर जिल्हा ग्राहक आयोगात फी नाही, मुदत दोन वर्षं. उखडलेल्या बोर्डाचा तुकडा, व्हॉट्सअ‍ॅपवरचं कोटेशन, यूपीआयच्या नोंदी जपून ठेवा, आणि तक्रार नोंदवून फोटो काढल्याशिवाय भिंतीची डागडुजी करू नका.