कमिशनवरची विमा एजन्सी की विम्यातली पगारी नोकरी? नाशिकमध्ये राहून ठरवताना

माझ्या मावसभावाचा मुलगा दिवाळीनंतर घरी आला तो दोन कागद घेऊनच. एक होतं ऑफर लेटर: खासगी विमा कंपनीची नोकरी, बँकेच्या शाखेत बसून पॉलिसी विकायच्या, हातात महिना १९,०००. दुसरा, एका विकास अधिकाऱ्याने (एजंट नेमणारा विमा कंपनीचा माणूस) दिलेला एजन्सीचा अर्ज: पगार नाही, जेवढं विकाल तेवढ्यावर कमिशन. "काका, यातला कुठला भरू?"

मी दोन्ही केलं आहे. आधी तीन वर्षं पगारावर, मग अकरा वर्षं कमिशनवर. त्या संध्याकाळी त्याला जे सांगितलं ते इथे नीट मांडतोय, कारण सातपूर, सिडको, नाशिकरोडच्या बऱ्याच घरांत सध्या हाच प्रश्न चालू आहे.

त्याआधी जाहिरातीबद्दल. 'ऑफिस वर्क, महिना २५,०००, अनुभवाची गरज नाही' असं लिहिलेलं असतं, मुलाखतीला गेलं की परीक्षेची फी मागतात आणि ओळखीच्या १०० लोकांची नावं-नंबर लिहायला वही पुढे करतात. ही नोकरी नसते, एजन्सी असते. माझ्या धाकट्या भावाला असंच बोलावलं होतं. आईने गल्लीत पेढे वाटले. महिना भरल्यावर त्याने पगार विचारला, तेव्हा साहेब म्हणाले, "तुझ्या यादीतल्या किती जणांच्या पॉलिसी झाल्या?" कागदावर 'एजंट' किंवा 'विमा सल्लागार' लिहिलेलं असेल आणि पीएफचा कुठेच उल्लेख नसेल, तर पगार नाही असं समजा. एजन्सी घेण्यात कमीपणा मुळीच नाही. पण ती माहीत असून घ्यावी.

आता पैशाचं बोलू. एजन्सी मिळायला फार खटपट लागत नाही. दहावी पास, २५ तासांचं ट्रेनिंग, आयसी-३८ ची परीक्षा, ५० प्रश्नांत ३५ टक्के पडले की पास. एका वेळी एक जीवन विमा, एक सर्वसाधारण विमा आणि एक आरोग्य विमा कंपनी घेता येते. अवघड असतं ते एजंटाचा कोड मिळाल्यानंतरचं.

मी त्या पोराला वहीच्या पाठकोऱ्या पानावर हिशोब करून दाखवला. समज, महिन्याला दोन पॉलिसी, म्हणजे वर्षाला २४. ऐकायला थोड्या वाटतात, पण नवख्याने सलग वर्षभर दोन-दोन पॉलिसी आणणं ही चांगली कामगिरी आहे. सरासरी वार्षिक हप्ता २०,००० धर. एकूण नवा प्रीमियम झाला ४,८०,०००. पहिल्या वर्षाचं कमिशन २५ टक्के धरलं तर १,२०,०००, महिन्याला १०,०००. त्यातून गाडीचं पेट्रोल, मोबाइल, झेरॉक्स आणि लोकांना पाजलेला चहा वजा कर. माझ्या पहिल्या वर्षी हे सगळं महिन्याला ३,००० च्या खाली कधी आलं नाही. घरी गेले ७,०००.

दुसऱ्या वर्षापासून जुन्या पॉलिसींवरचं कमिशन सुरू होतं, पण त्याचा दर बराच कमी असतो. ५ टक्के धर. पाचव्या वर्षी जुन्यांपैकी ८० पॉलिसी चालू असतील, तर त्यांच्या १६ लाखांच्या प्रीमियमवर ८०,००० येतात, नव्यांचे १,२०,००० त्यात मिळवले की दोन लाख. दहाव्या वर्षी १७५ पॉलिसी चालू असतील तर जुन्यांचे १,७५,००० आणि नव्यांचे १,२०,०००, मिळून २,९५,०००. महिन्याला साधारण साडेचोवीस हजार. दहाव्या वर्षी! ऑफर लेटरमधला पगार पहिल्याच महिन्यात १९,००० देतो.

पोराचा चेहरा उतरला. पण या हिशोबात हप्ता २०,००० वर आणि पॉलिसी २४ वरच थांबवल्यात. जो टिकतो त्याचे दोन्ही आकडे वाढतात, कारण तिसऱ्या-चौथ्या वर्षी जुने गिऱ्हाईक स्वतःहून भावाला, मेहुण्याला घेऊन येतं. मात्र बहुतेक जण तिथपर्यंत पोचायच्या आधीच सोडतात. पहिल्या २० पॉलिसी मामा, आत्या, शेजारी आणि वर्गमित्रांच्या असतात. आठव्या-नवव्या महिन्यात नातं संपतं आणि धंदा तिथून सुरू होतो. माझ्या नवव्या महिन्यात एकही पॉलिसी झाली नाही, दहाव्यातही नाही. घर बायकोच्या शिवणकामावर चाललं. तेव्हा ती नसती तर आज मी हे लिहीत नसतो.

जुने एजंट सांगतात त्या मार्चच्या गोष्टींवर आता विसंबू नका. पूर्वी ८०सी साठी, म्हणजे हप्त्यावर मिळणाऱ्या करसवलतीसाठी, लोक स्वतः फोन करायचे. २०२३-२४ पासून नवी करप्रणाली आपोआप लागू होते, तिच्यात ती सवलत नाही, आणि २०२५-२६ पासून १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर कर भरावा लागत नाही. कर वाचवायला पॉलिसी घेणारा माणूस कमी झाला. १ ऑक्टोबर २०२४ पासून सरेंडर व्हॅल्यूचे, म्हणजे पॉलिसी मधेच सोडली तर परत मिळणाऱ्या रकमेचे, नवे नियम आले, त्यानंतर एलआयसीसह बऱ्याच कंपन्यांनी पहिल्या वर्षाचं कमिशनही खाली आणलं. ग्राहकासाठी नियम चांगलाच आहे, पण नव्या एजंटाची पहिली दोन वर्षं त्याने आणखी ओढाताणीची केली. २२ सप्टेंबर २०२५ ला वैयक्तिक जीवन आणि आरोग्य विम्यावरचा जीएसटी गेला, त्यामुळे बोलणी करायला जरा सोपं झालंय, एवढंच.

नाशिकचा पैसा बारा महिने सारखा येत नाही, हे पगारी माणसाला जाणवत नाही, एजंटाला जाणवतं. दिंडोरी तालुक्यातल्या एका द्राक्षबागायतदाराची पॉलिसी मी सुरुवातीला ऑक्टोबरात काढली. त्याने आनंदाने पहिला हप्ता भरला. पुढच्या ऑक्टोबरात गेलो तर गोडी छाटणी (फळासाठीची छाटणी) चाललेली, मजुरांचे पैसे, काड्यांना लावायची पेस्ट, फवारणीची औषधं, सगळा पैसा बागेत. पॅकिंग शेडमध्ये रिकाम्या क्रेटवर बसून तो म्हणाला, "भाऊ, आत्ता मागू नका, माल निघाला की बघू." माल निघतो जानेवारीपासून एप्रिलपर्यंत. वार्षिक हप्त्याला मुदतीनंतर ३० दिवसांची सवलत असते, ती केव्हाच उलटली आणि पॉलिसी लॅप्स झाली, म्हणजे बंद पडली. ती पाच वर्षांच्या आत चालू करता येते, पण व्याजासकट मागचे हप्ते आणि पुन्हा तब्येतीची कागदपत्रं असं सगळं आलं. तेव्हापासून मी बागायतदाराची पॉलिसी मार्च-एप्रिलमध्येच सुरू करतो, म्हणजे दरवर्षीची तारीख पैसे हातात असताना येते. अंबडच्या कंत्राटी कामगाराचं उलट आहे. त्याला मासिक हप्ता सोयीचा वाटतो, पण कंत्राट मधेच थांबलं की बँकेतून हप्ता कटत नाही आणि मासिकाला सवलत १५ दिवसांचीच. आणि गारपीट झाली की निफाड-दिंडोरीच्या बागांबरोबर एजंटाचं त्या वर्षाचं रिन्युअल, म्हणजे जुन्या पॉलिसींवरचं कमिशनही झोपतं. पगाराच्या माणसाच्या खात्यात त्या महिन्यातही १९,००० जमा होतात.

मग मी पगार का सोडला?

माझी पगारी नोकरीही बँकेच्या शाखेत बसून पॉलिसी विकायचीच होती. तिथे मला महिन्याला तीन लाखांच्या नव्या प्रीमियमचं टार्गेट होतं. सलग दोन तिमाही चुकल्या की 'सुधारणेची संधी' म्हणून पत्र यायचं, आणि त्याचा अर्थ आम्हाला सगळ्यांना कळायचा. एका मार्चला नाशिकरोडच्या सरकारी प्रेसमधून (छापखान्यातून) रिटायर झालेले एक काका एफडी मोडून पुन्हा करायला आले. शाखेतल्या साहेबांनी त्यांना माझ्या टेबलाशी पाठवलं. वर्षाला ८०,००० ची, दहा वर्षं भरायची पॉलिसी मी लिहिली. मी एफडी म्हटलं नाही, पण ती एफडी नाही असंही म्हटलं नाही. पुढच्या वर्षी ते पासबुक घेऊन आले आणि म्हणाले, "बाळा, पुन्हा ऐंशी हजार का मागताहेत?" पॉलिसी परत करण्याची मुदत तेव्हा १५ दिवसांची होती. २०२४ पासून ती ३० दिवसांची झाली आहे. त्यांचा एक दिवसही उरलेला नव्हता. ते ओरडले नाहीत, पासबुक पिशवीत ठेवून निघून गेले. चार महिन्यांनी मी राजीनामा दिला.

कमिशनवर असलं म्हणजे माणूस आपोआप धुतल्या तांदळासारखा होत नाही. दोन पोरांच्या बापाला एक कोटीचा टर्म विमा (फक्त मृत्यू झाल्यास पैसे देणारा) हवा असतो, त्याचा हप्ता १५,००० च्या आसपास. तोच माणूस ५०,००० चा मनीबॅक (ठरावीक वर्षांनी थोडे पैसे परत देणारा) घ्यायला तयार झाला तर एजंटाला तिप्पट मिळतात. घरभाडं थकलेलं असताना टर्म सुचवायला छाती लागते. शिवाय "पहिल्या हप्त्यात किती सोडता?" हे विचारणारं गिऱ्हाईक रविवार कारंजापासून गंगापूर रोडपर्यंत सगळीकडे आहे. कमिशनमधून असं वाटणं विमा कायद्याच्या कलम ४१ ने बंद आहे आणि दंड १० लाखांपर्यंत होऊ शकतो. देणारे देतात. मी दिलं नाही, त्यामुळे काही पॉलिसी गेल्या. फरक असा की एजन्सीत खरं बोलायचं की नाही हे मी ठरवतो. त्या टेबलावर ते महिनाअखेर ठरवायची.

माझ्या मते सगळ्यात मोठा फरक ग्राहक कुणाचा यात आहे. नोकरी सोडली त्या दिवशी तीन वर्षांत जोडलेल्या तीनशे-साडेतीनशे घरांची फाइल मी टेबलावर ठेवून आलो. त्यांच्या पुढच्या हप्त्यांतला एक रुपया मला मिळणार नव्हता. फोन मात्र मलाच येत राहिले, कारण त्यांना माझाच नंबर माहीत होता. एजन्सीत आज मी आठ दिवस आजारी पडलो तरी अकरा वर्षांपूर्वीच्या पॉलिसीचं कमिशन येतं. एलआयसीच्या एजंटाला नियमांच्या अटी पूर्ण असतील तर मरणानंतरही वारसाला रिन्युअल कमिशन मिळतं. सप्टेंबर २०२३ मध्ये केंद्राने त्यांच्या ग्रॅच्युइटीची कमाल मर्यादा तीन लाखांवरून पाच लाख केली. दर वर्षी ठरावीक किमान काम मात्र करावं लागतं, नाहीतर एजन्सी बंद होते. खासगी कंपनीची एजन्सी घेत असाल तर सोडल्यानंतर रिन्युअलचं काय होतं, हे करारात वाचल्याशिवाय सही करू नका.

पगाराच्या बाजूने पीएफ आहे, पगार २१,००० च्या आत असेल तर ईएसआय (कामगारांचा सरकारी विमा) आहे, आणि सॅलरी स्लिप आहे. सॅलरी स्लिपची किंमत मला पाथर्डी फाट्याला फ्लॅट बघायला गेलो तेव्हा कळली. बँकेने तीन वर्षांची रिटर्न मागितली, आणि माझं एक वर्ष इतकं पडलेलं होतं की कर्जाची रक्कम निम्म्यावर आली. एजंटाने पहिल्या वर्षापासून, उत्पन्न कितीही कमी असलं तरी, रिटर्न भरावं. कमिशनवर टीडीएस कापला जातो (१ एप्रिल २०२५ पासून २ टक्के, वर्षाला २०,००० च्या वर कमिशन गेलं की), तो रिटर्न भरल्याशिवाय परत मिळत नाही. लग्नाच्या बोलणीत मुलीकडचे "पगार किती?" विचारतात तेव्हा एजंटाकडे एका वाक्यात द्यायचं उत्तर नसतं. घरच्यांना याची आधीच कल्पना द्या.

बायकांसाठी मधला एक रस्ता आहे. एलआयसीची विमा सखी योजना ९ डिसेंबर २०२४ ला पानिपतहून सुरू झाली. वय १८ ते ७०, दहावी पास. पहिल्या वर्षी महिना ७,०००, दुसऱ्या वर्षी ६,०००, तिसऱ्या वर्षी ५,००० विद्यावेतन, शिवाय कमिशन वेगळं. वर्षाला २४ पॉलिसी आणि बोनस सोडून ४८,००० चं पहिल्या वर्षाचं कमिशन अशी अट आहे. दुसऱ्या वर्षी विद्यावेतन चालू राहायला पहिल्या वर्षातल्या ६५ टक्के पॉलिसी चालू असाव्या लागतात. ही नोकरी नाही, तीन वर्षांनी विद्यावेतन थांबतं. पण माझ्या त्या कोरड्या नवव्या-दहाव्या महिन्यात हातात ७,००० असते तर किती आधार वाटला असता ते मी जाणतो. बचत गटात वावरलेल्या, गल्लीत शब्दाला मान असलेल्या बाईने याचा जरूर विचार करावा, मात्र २४ पॉलिसी भरायला स्वतःच्या पैशाने हप्ते भरायचे नाहीत, हे मनाशी ठरवून.

त्या पोराला मी पगारी नोकरी घे म्हणालो. त्याच्या वडिलांची कंपनी गेल्या वर्षी बंद पडली, बहीण बारावीला आहे, घरात दुसरी कमाई नाही. दीड वर्षाचा घरखर्च बाजूला नसताना कमिशनवर उतरणं म्हणजे पहिल्याच मार्चला कुणाच्या तरी काकांची एफडी मोडायला लावणं. तेच घरात एक पगार आधीच येत असेल, शेती असेल, किंवा चाळिशीनंतर कंपनीतून बाहेर पडून गाठीला थोडे पैसे असतील, तर मी उलट सांगितलं असतं. ओझरच्या एचएएलमधून रिटायर झालेला माणूस चांगला एजंट होतो, कारण तीस वर्षं ज्यांच्याबरोबर काढली ते त्याचा शब्द मानतात आणि पेन्शनमुळे त्याला घाई नसते.

सही करायच्या आधी त्याला तीन गोष्टी विचारून यायला सांगितल्यात. आधी त्या टेबलावर बसणारा माणूस का गेला आणि किती दिवस टिकला. टार्गेट चुकलं तर पगारातून काही कापतात का, आणि ते ऑफर लेटरमध्ये लिहून देणार का. आणि सुट्टीच्या दिवशी त्या शाखेतल्या एखाद्या जुन्या पॉलिसीधारकाच्या घरी जाऊन विचारायचं, तुम्हाला नेमकं काय सांगून ही पॉलिसी दिली. तिसऱ्याचं उत्तर ऐकून तो शनिवारी परत येणार आहे.