सासूबाईंच्या खोलीसाठी ओशिवऱ्याहून आणलेले जुने सागवानी फर्निचर

सासूबाई गेल्या वर्षी गावाहून कायमच्या आमच्याकडे राहायला आल्या, तेव्हा त्यांच्यासाठी मोकळी केलेली खोली जेमतेम १० फूट बाय ९ फुटांची होती. त्या वॉकर घेऊन चालतात, त्यामुळे पलंग आणि कपाट ठेवल्यावर मधे किती जागा उरते, हाच आमच्यापुढचा मुख्य प्रश्न होता. नव्या फर्निचरच्या दोन दुकानांत विचारणा केली. दोन्हीकडे आधी कॅटलॉग पुढे आला, खोलीविषयी कोणी काही विचारले नाही. शेवटी मुंबईत जोगेश्वरी पश्चिमेला ओशिवऱ्याच्या जुन्या फर्निचरच्या बाजारात गेलो आणि तिथल्या एका दुकानातून सागवानी पलंग व कपाट घेतले. त्याला आता आठ महिने झाले आहेत.

दुकानाच्या मालकांनी पहिल्याच भेटीत खोलीचे माप, दार कोणत्या बाजूला उघडते, स्विचबोर्ड कुठे आहे आणि इमारतीची लिफ्ट केवढी आहे, हे सगळे विचारून लिहून घेतले. मला चार फुटी कपाट आवडले होते. पण त्याचे दोन फुटी दार उघडले की वॉकरची वाट अडेल, हे त्यांनी जमिनीवर खडूने आखून दाखवले आणि तीन फुटी कपाट घ्यायला सांगितले. ते केवळ १६ इंच खोल आहे. हँगरला कपडे अडकवायचे तर आतून २२ इंच तरी खोली लागते, परंतु सासूबाईंची नऊवारी लुगडी घड्या घालूनच ठेवायची असल्याने त्या खोलीची गरजच नव्हती, आणि वाचलेले सहा इंच चालण्याच्या वाटेला मिळाले. वरचे दोन खण रिकामे ठेवून रोजच्या वस्तूंच्या फळ्या गुडघा ते खांदा यांच्या दरम्यान बसवून घेतल्या, म्हणजे त्यांना वाकावे लागत नाही आणि स्टुलावर चढण्याचा मोहही होत नाही.

पलंगाचे काम मात्र मनापासून वाखाणावे असे झाले. गादीसह त्याची उंची २३ इंच भरत होती आणि सासूबाई कडेला बसल्या की पाय अधांतरी राहत. पलंगाचे पाय दुकानातच कापून पाठवणे दुकानदारांना सोपे होते. तरीही सुतार घरी आले, कारण आमच्या जुन्या इमारतीची फरशी समपातळीत नाही. त्यांनी पलंग त्याच्या ठरलेल्या जागी ठेवला, कोपऱ्यांखाली पाचरी सारून तो वरून सपाट केला, मग पाच इंच जाडीचा एक ठोकळा फरशीवरून सरकवत चारही पायांना सर्व बाजूंनी पेन्सिलीने खूण केली आणि त्या खुणेवर करवत चालवली. आता उंची १८ इंच आहे, पावले पूर्ण टेकतात आणि पलंग तसूभरही डुगडुगत नाही.

तक्रारीची जागा कपाटाच्या पाठीमागे होती. मूळची फळी वाळवीने खाल्ली होती, म्हणून तिथे नवे प्लायवूड लावायचे ठरले. कपाटामागची भिंत न्हाणीघराची असल्याने मी मरीन प्लाय, म्हणजे ओलाव्यात टिकणारे प्लायवूड, सांगितले होते. पण कपाट आले तेव्हा प्लायवर मरीन प्लायच्या आयएस ७१० या मानकाऐवजी आयएस ३०३ असा शिक्का होता, म्हणजे साधारण वापराचा माल. फोन केल्यावर त्यांनी चूक मान्य केली आणि पैसे न मागता पाठ बदलून दिली, परंतु त्यासाठी बारा दिवस वाट पाहावी लागली आणि तोवर कपडे ट्रंकेत राहिले. असे कपाट घेणाऱ्यांनी ते भिंतीला टेकवण्यापूर्वी पाठीवरचा शिक्का स्वतः वाचावा. आम्ही आता भिंतीपासून दोन इंच अंतर ठेवले आहे.

पलंगाचे ११,००० रुपये, कपाटाचे १४,०००, फेरफाराची मजुरी ३,५०० आणि टेम्पो वेगळा, असा खर्च आला. भरीव सागवान आणि लाकडात लाकूड गुंतवून केलेले पक्के सांधे पाहता मला तो रास्त वाटतो. पॉलिशचा वास मात्र आठवडाभर गेला नाही, तेव्हा ज्यांना दम्याचा त्रास आहे त्यांनी सामान काही दिवस आधी आणून खोली उघडी ठेवावी.

कपाटाचा खालचा ड्रॉवर पावसाळ्यात फुगून अडकू लागला आहे. तो लगेच रंधून द्यावा असा माझा आग्रह होता, पण ओलाव्याने फुगलेले लाकूड आता तासले तर हिवाळ्यात ते आक्रसून फट पडेल, असे सांगून सुतारांनी त्याला हात लावला नाही. ते दिवाळीनंतर येणार आहेत.