एपीपी की जेएमएफसी? सिव्हिल लाइन्सच्या कोर्टातल्या माझ्या ज्युनिअरसाठी

आमची ज्युनिअर दोन महिन्यांपासून विचार करून राहिली, एपीपीची (सहायक सरकारी वकील) तयारी करू की जेएमएफसीची (दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तर आणि प्रथम वर्ग न्यायदंडाधिकारी). दोन्ही परीक्षा एमपीएससीच घेते म्हणून लोक एकाच पुस्तकावर दोन्ही निघतील म्हणतात, पण तसं नाही.

आधी पात्रता. एपीपीला लॉ डिग्री आणि ५ वर्षं वकिली लागते. न्यायाधीशासाठी, म्हणजे जेएमएफसीला, सुप्रीम कोर्टानं मे २०२५ मध्ये ३ वर्षांची वकिली परत सक्तीची केली, म्हणजे तिथं २ वर्षं आधी बसता येतं.

पॅटर्नमध्ये खरा फरक आहे. एपीपीला ऑब्जेक्टिव्ह पेपर आणि मुलाखत, भर फौजदारीवर, म्हणजे आता न्याय संहिता, नागरिक सुरक्षा संहिता, साक्ष्य अधिनियम. जेएमएफसीला १०० मार्कांची पूर्वपरीक्षा, मग १००-१०० चे दोन लेखी पेपर, वर ५० ची मुलाखत, आणि दिवाणी कायदा सोडून चालतच नाही. लेखी उत्तरांचा सराव रोज लागतो, आणि मुलं पडतात ती इथंच, कायदा येतो पण वेळेत कागदावर उतरत नाही.

काम बघ. एपीपी दंडाधिकारी कोर्टात सरकारतर्फे साक्षीदार तपासतो, पोलिसांचे कागद वाचतो. न्यायाधीशाला दोन्ही बाजू ऐकून निकाल लिहायचा असतो.

युक्तिवाद, उलटतपासणी आवडत असेल आणि ५ वर्षं भरली असतील तर एपीपी. दिवाणीही पक्कं असेल, लिहायचा कंटाळा नसेल तर जेएमएफसी. हिला उभं राहून बोलायला आवडतं, मी तर एपीपीच सांगितलं.