बॅटरसी पॉवर स्टेशन, लंडन: कंट्रोल रूममध्ये बाबा

बाबांची अख्खी नोकरी नाशिकजवळच्या एकलहरे औष्णिक केंद्रात गेली, 210 मेगावॉटच्या संचाच्या पॅनेलसमोर. ते मे महिन्यात आमच्याकडे लंडनला आले, तेव्हा राजवाडा आणि संग्रहालयं बघून झाल्यावर मी त्यांना बॅटरसीला नेलं. थेम्सकाठचं हे जुनं वीज केंद्र आता दुकानं, ऑफिसं, घरं आणि हॉटेलांची वसाहत झालं आहे. तिथे जायचं का, किती वेळ द्यायचा, असं मला बरेच जण विचारतात, म्हणून सविस्तर लिहिते.

जायला भुयारी रेल्वेची नॉर्दर्न लाइन आहे. बॅटरसी पॉवर स्टेशन याच नावाचं स्टेशन सप्टेंबर 2021 मध्ये सुरू झालं. पण पहिल्यांदा जात असाल तर बोटीने जा. ही इमारत नदीसाठीच बांधलेली आहे. कोळसा जहाजांतून यायचा आणि इथल्याच धक्क्यावर उतरायचा. भर काळात वर्षाला दहा लाख टनांहून जास्त कोळसा इथे जळायचा. बोटीतून उतरल्यावर बाबांचा पहिला प्रश्न होता, "साठा कुठे करायचे?" मी समोरची हिरवळ दाखवली. नदी आणि इमारतीच्या मधली ती जागा आता पोरांना खेळायला मोकळी आहे. बाबा तिथे थोडा वेळ नुसते उभे राहिले. आमच्याकडे कोळशाच्या वाघिणी यायच्या आणि वारा फिरला की कॉलनीत वाळत घातलेल्या कपड्यांवर राख बसायची, हे त्यांना आठवलं असणार. इथे 1930च्या दशकातच थेम्सच्या पाण्याने धूर धुवायची सोय होती, हे मी सांगितलं तेव्हा त्यांनी लगेच विचारलं, "आणि ते पाणी?" ते परत नदीतच जायचं.

बाहेरून चार धुराडी दिसतात, पण खरं तर ही शेजारी शेजारी बांधलेली दोन केंद्रं आहेत. पहिलं 1930च्या दशकातलं, दुसरं 1955 मध्ये पुरं झालं. बाह्यरूप वास्तुविशारद जाइल्स गिल्बर्ट स्कॉट यांचं. 1975 मध्ये पहिलं थांबलं, 1983 मध्ये दुसरं. त्यानंतर जवळजवळ 40 वर्षं इथे योजना आल्या आणि बुडाल्या. मनोरंजन पार्क करायचा म्हणून छप्पर काढलं, 1989 मध्ये पैसे संपले आणि सांगाडा पावसात उघडा पडला. शेवटी मलेशियन कंपन्यांनी 2012 मध्ये जागा घेतली आणि 14 ऑक्टोबर 2022 रोजी इमारत लोकांसाठी उघडली.

दुरुस्तीचं काम अव्वल आहे, यात मला शंका नाही. गंजलेली धुराडी उतरवून तशीच्या तशी पुन्हा उभारली. मूळ विटा जिथून आल्या होत्या, त्याच कारखान्यांकडून सुमारे साडेसतरा लाख विटा नव्याने करून घेतल्या. भिंतीजवळ जाऊन बघा, जुनी वीट आणि नवी वीट ओळखताना आपण फसतो. टर्बाइन हॉलमध्ये मात्र दोन्ही बाजूंना महागड्या ब्रँडची दुकानं आहेत. ती मी पटापट ओलांडली, तुम्हीही तसंच करा आणि मान वर करून चाला. पहिल्या हॉलचे उंच, खाचांचे खांब आणि दुसऱ्या हॉलचा युद्धानंतरचा साधेपणा, हा फरक बघण्यासारखा आहे.

लिफ्ट 109 नावाची काचेची गोल लिफ्ट वायव्येच्या धुराड्यातून वर जाते आणि 109 मीटरवर आपल्याला उघड्यावर काढते. तिकीट आधी काढा, आकाश स्वच्छ असेल असाच दिवस निवडा. वर फार वेळ मिळत नाही. तेवढ्यात सगळे शहराची प्रसिद्ध शिखरं शोधतात. तुम्ही आधी सरळ समोर, पलीकडच्या काठावर बघा. तिथे चर्चिल गार्डन्स नावाची वसाहत आहे आणि तिच्यात एक उंच काचेचा मनोरा आहे. वीज केंद्रात वाया जाणारी उष्णता गरम पाण्याच्या रूपाने नदीखालून तिकडे नेत आणि त्या मनोऱ्यातल्या टाकीत साठवत. तिथली घरं त्यावर ऊबदार राहायची.

पण माझ्या मते दिवसभरातली सर्वांत चांगली जागा म्हणजे कंट्रोल रूम बी. 1950च्या दशकातली ही खोली आता बार आहे. मूळ पॅनेल, मीटर आणि डेस्क तिथेच ठेवले आहेत. आम्ही लिंबाचं सरबत मागवलं आणि बाबा ग्लास हातात घेऊन पॅनेलपाशी गेले ते बसलेच नाहीत. नवं मशिन चालत्या ग्रिडला, म्हणजे विजेच्या जाळ्याला, कसं जोडायचं, हे त्यांनी मला आयुष्यात पहिल्यांदा नीट सांगितलं. व्होल्टेज जुळवायचं, फ्रिक्वेन्सी जुळवायची, सिंक्रोस्कोपचा, म्हणजे मशिन आणि ग्रिड जुळलेत का ते दाखवणाऱ्या मीटरचा, काटा घड्याळाच्या दिशेने अगदी सावकाश फिरला पाहिजे, आणि तो बाराच्या जागेवर येतानाच ब्रेकर, म्हणजे जोडणारा मोठा स्विच, टाकायचा. "घाई केली की शाफ्टला दणका बसतो." हे सांगताना त्यांचा उजवा हात खरोखर स्विचच्या उंचीवर गेला होता. मग मी त्यांना 20 एप्रिल 1964ची गोष्ट सांगितली: इथे आग लागली, लंडनचा मोठा भाग अंधारात गेला आणि बीबीसी टू या नव्या टीव्ही वाहिनीचं उद्घाटन एक दिवस पुढे गेलं. बाबांना हसू आलं नाही. "त्या शिफ्टला कोण होतं?" असं त्यांनी विचारलं.

एक गोष्ट मला मनापासून खटकते. परवडणारी 636 घरं बांधायची ठरली होती, 2017 मध्ये तो आकडा 386 वर आणला गेला. ज्या केंद्राने एके काळी शहराला पाचवा हिस्सा वीज दिली, त्याच्या दारात साध्या पगाराच्या माणसांना आणखी अडीचशे घरं हवी होती. बाकी इथे फिरायला पैसे लागत नाहीत, काठावरची बाकं सगळ्यांची आहेत, ही मोठीच जमेची बाजू.

खाणं मात्र जपून निवडा. एका ठिकाणी साध्या सँडविचसाठी आम्ही पाऊण तास थांबलो. घरून डबा नेला तर हिरवळीवर मजेत खाता येतो.

परतताना बोटीची वाट न बघता आम्ही चेल्सी पुलावरून चालत पलीकडे गेलो, कारण बाबांना तो काचेचा मनोरा जवळून बघायचा होता. गुडघे दुखत असूनही ते त्याच्या पायथ्याशी पोचले, भिंतीला हात लावला आणि मला म्हणाले, "फोटो काढ. देशमुखांना पाठवतो, ते बॉयलरला होते."